त्रेपन्न वर्षांच्या माणसाला ‘अहो’ म्हणा

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रौढ बौद्धिक अक्षम व्यक्तींच्या एका निवासी संस्थेवर आलेला लेख मी दोनदा वाचला. लिहिणाऱ्याला तिथल्या माणसांविषयी मनापासून कळवळा आहे, हे ओळीओळीतून जाणवतं. तरीही पत्र लिहायला बसले, कारण सबंध लेखात तिथे राहणाऱ्यांचा उल्लेख ‘मुलं’ असा आहे. ‘ही निरागस मुलं’, ‘देवाघरची फुलं’, ‘या लेकरांचं हसू’. शेवटच्या परिच्छेदात वयं दिली आहेत, सर्वांत लहान २९ आणि सर्वांत मोठे ६१. फोटोत सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, आणि त्या ६१ वर्षांच्या गृहस्थांचं मनगट एका तरुण कर्मचाऱ्याने, रस्ता ओलांडताना लहान मुलाचं धरतात तसं धरलेलं.

मी २१ वर्षं हेच काम करते. पहिली सात वर्षं एका मोठ्या संस्थेत काढली, नंतरची चौदा वर्षं नऊ माणसं राहतात अशा एका घरात. दिवसाची ड्युटी केली, रात्रीची केली, आता नव्याने येणाऱ्यांना शिकवतेही. माझ्या स्वतःच्या कुटुंबात बौद्धिक अक्षमता असलेलं कोणी नाही. त्यामुळे आईच्या किंवा बहिणीच्या अधिकाराने मला बोलता येणार नाही. अंघोळ घालणाऱ्या, नखं कापणाऱ्या, रात्री दोनदा उठून कूस बदलून देणाऱ्या बाईला जे दिसलं ते सांगते.

लेखात एक वाक्य आहे, ‘यांचं मानसिक वय पाच वर्षांचं आहे.’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे आणि सुरुवातीला स्वतःही म्हटलं आहे. चाचणीतल्या गुणांवरून काढलेला तो आकडा आहे. त्या आकड्याने माणूस पाच वर्षांचा होत नाही. पाच वर्षांच्या मुलाने त्रेपन्न पावसाळे पाहिलेले नसतात. त्याचे आईवडील गेलेले नसतात, त्याला दाढी येत नाही, त्याचे गुडघे दुखत नाहीत, कोणावर जीव जडून रात्रभर झोप उडाली असं त्याच्या बाबतीत घडलेलं नसतं. हे सगळं आमच्या घरातल्या माणसांच्या बाबतीत घडलं आहे. काहींना ते शब्दांत सांगता येतं, काहींना येत नाही. एकदा ‘पाच वर्षं’ हा शिक्का बसला की मग झोपायची वेळ आपण ठरवायची, कपडे आपण काढून ठेवायचे, पत्रं आपण फोडायची, हे सगळं आपोआप रीतसर वाटू लागतं. माझ्या हातून काय झालं ते सांगते.

पहिल्या संस्थेत (नाव लिहीत नाही) रात्री आठला ड्युटी बदलायची. रात्री चाळीस जणांमागे दोघीच. म्हणून संध्याकाळी साडेसहापासून आम्ही एकेकाला अंथरुणात घालायला सुरुवात करायचो. बाहेर अजून उजेड असायचा. तिथे चाळिशीतल्या एक बाई होत्या. रोज पहाटे तीनला उठून पलंगाच्या कडेवर बसून राहायच्या आणि हाताने पलंगाची दांडी वाजवत राहायच्या. बाकीचे जागे व्हायचे. मी नोंदवहीत लिहिलं, ‘झोप लागत नाही, रात्री त्रास देते.’ डॉक्टरांनी ते वाचून झोपेची गोळी लिहून दिली. त्या बाई पावणेसातला झोपत होत्या. पहाटे तीनपर्यंत आठ तास होऊन जात होते. हा साधा हिशेब करायला मला दोन वर्षं लागली, आणि तोवर त्यांच्या पोटात गोळी जात राहिली. त्यांची क्षमा मागायची संधीसुद्धा मला मिळाली नाही. मी हिशेब करेपर्यंत त्यांना दुसरीकडे हलवलं होतं.

पुढे एका प्रशिक्षणात मी बेंग्ट निर्ये या स्वीडिश गृहस्थांचं नाव ऐकलं. त्यांनी १९६९ मध्ये मांडलेलं तत्त्व सांगायला सोपं आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाच्या दिवसाला, आठवड्याला, वर्षाला आणि सबंध आयुष्याला इतरांच्यासारखीच लय हवी. त्यात झोपेचाही उल्लेख आहे. कर्मचारी कमी आहेत म्हणून कोणाला धाकट्या भावंडांच्याही आधी झोपायला लागू नये, असं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं होतं. ते ऐकताना मला त्या पलंगाच्या दांडीचा आवाज आठवला. त्याच्याही दहा वर्षं आधी, १९५९ मध्ये, डेन्मार्कमध्ये निल्स एरिक बँक-मिकेल्सन यांच्या प्रयत्नांतून असा कायदा झाला की या माणसांचं जगणं होईल तितकं चारचौघांसारखं असावं. म्हणजे मी नोकरीला लागले त्याच्या कितीतरी आधी हे कोणीतरी विचारपूर्वक मांडून ठेवलं होतं. आमच्यापर्यंत मात्र अंघोळीचं वेळापत्रक तेवढं पोचलं होतं.

आता ‘अहो’विषयी. आमच्या घरात एक गृहस्थ राहतात, वय ५३. नाव देत नाही. विचारलं असतं तर ते लगेच ‘हो’ म्हणाले असते, पण वर्तमानपत्रात नाव छापून येणं म्हणजे काय हे त्यांना पुरतं समजावून सांगणं मला अजून जमलेलं नाही, आणि न समजता दिलेला होकार मी होकार मानत नाही. ते आमच्याकडे आले तेव्हा ४१ वर्षांचे होते. आधी जिथे होते तिथे विशीतले कर्मचारीही त्यांना ‘ए, चल रे’, ‘बस रे’, ‘तोंड उघड’ असंच बोलायचे. आमच्या घराच्या प्रमुख बाईंचा नियम वेगळा होता. वयाने मोठ्या अनोळखी माणसाशी बाहेर जसं बोलाल, तसंच इथे बोलायचं. मी त्यांना म्हटलं, ‘अहो, तुम्ही कुठे बसणार?’ त्यांनी मागे वळून पाहिलं. आपल्यामागे कोणी मोठं माणूस उभं असेल आणि मी त्याच्याशी बोलतेय, असं त्यांना वाटलं. पुढचे कित्येक दिवस हे होत राहिलं. ‘तुम्ही’ म्हटलं की मान मागे वळायची.

मराठीत बोलताना आपण प्रत्येक वाक्यात, क्रियापदाच्या टोकाशी, समोरच्याला मान देतोय की नाही हे सांगून मोकळे होतो. त्यातून सुटका नाही. म्हणून आपल्या भाषेत हे काम करणाऱ्यांवर जास्त जबाबदारी आहे, असं मला वाटतं. आणि एक गोष्ट माझ्या हातांनी मला शिकवली. ‘उघड तोंड’ म्हणत घास कोंबता येतो. ‘अहो, उघडताय का तोंड?’ असं म्हणताना हाताची घाई कमी होते. मी हे नव्या मुलींना करून बघायला सांगते. त्या आधी लाजतात. आठवड्याभरात त्यांचा चमचा हळू चालायला लागतो.

याचाही यांत्रिक नियम करून चालत नाही. आमच्याकडच्या ३४ वर्षांच्या एकीला मी ‘तुम्ही’ म्हटलं तेव्हा ती दुखावली. ‘मी काय म्हातारी आहे? तू मला तू म्हण.’ मग मी तिला ‘तू’, आणि तीही मला ‘तू’च. कोणाला काय म्हणायचं हे त्या त्या माणसाला विचारून ठरवलं, मुद्दा एवढाच.

घर कोणाचं, हा प्रश्न मला सगळ्यात मुळाशी असलेला वाटतो. नऊ माणसं तिथे राहतात. आम्ही तिथे कामाला येतो आणि ड्युटी संपली की आपापल्या घरी जातो. हे लक्षात ठेवलं की बाकीची बरीच उत्तरं सापडत जातात. दुसऱ्याच्या खोलीत आपण दार न वाजवता शिरत नाही. दुसऱ्याच्या कपाटात त्याला न विचारता हात घालत नाही. जेवायच्या टेबलाशी चौघीजणी त्याच्या डोक्यावरून आपापसांत गप्पा मारत नाही. आमच्याकडे नऊपैकी सात जणांच्या खोलीची किल्ली त्यांच्या स्वतःकडे असते. दोघांना किल्ली वापरता येत नाही, तर आम्ही दार वाजवतो आणि मनात दहा आकडे मोजून मग आत जातो. एकांना रात्री आकडी येते, त्यांच्या खोलीत दर तासाला डोकवावं लागतं. ते का करतो हे त्यांना चित्रं काढून समजावलं होतं, आणि अजूनही दर काही महिन्यांनी पुन्हा विचारतो. आणीबाणीत सगळी कुलुपं बाहेरून उघडता येतात. सुरक्षितता आणि किल्ली यांचं जमतं, थोडी मेहनत लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा जो करार स्वीकारला, त्याचं १९वं कलम हेच सांगतं. कुठे राहायचं आणि कोणाबरोबर राहायचं हे निवडण्याची संधी इतरांइतकीच हवी. ठराविक व्यवस्थेतच राहण्याची सक्ती नको. या कराराच्या समितीने २०१७ मध्ये त्यावर भाष्य करताना म्हटलं की शंभराहून जास्त माणसांची मोठी संस्था असो, पाच ते आठ जणांचं छोटं घर असो की एकट्याचं घर असो, रोजच्या जगण्यावर त्या माणसाचा ताबा नसेल तर त्याला स्वतंत्र राहणं म्हणता येत नाही. आमचं घर या कसोटीला पूर्ण उतरत नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. आमच्या नऊ जणांनी एकमेकांना निवडलेलं नाही. जागा रिकामी झाली तेव्हा जो पुढचा होता तो आला. दोघांचं एकमेकांशी बारा वर्षांत जमलेलं नाही आणि रोज एकाच छताखाली उठतात. मला ते बोचतं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

बोलत नाहीत त्यांच्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण ‘यांना काय कळतंय’ हे वाक्य त्यांच्याबाबत सर्वांत जास्त वापरलं जातं. आमच्याकडे ४६ वर्षांच्या एक बाई आहेत. एकही शब्द बोलत नाहीत. त्यांच्या जुन्या कागदपत्रांत ‘प्रतिसाद नाही’ असं लिहिलेलं होतं. आम्हाला तीन महिने लागले, पण त्यांचं ‘नाही’ सापडलं. त्या चेहरा भिंतीकडे वळवतात आणि उजव्या पायाची बोटं आवळून धरतात. ‘हो’ असेल तेव्हा खांदे सैल सोडतात. घाईत असलेल्या माणसाला यातलं काहीच दिसणार नाही. आम्ही फोटोंसकट एक पान केलं, ‘मी असं करते तेव्हा त्याचा अर्थ असा’, आणि ते त्यांच्या पलंगाशी लावलं. एक प्रत दवाखान्यात जाताना सोबत नेतो. रोज सकाळी दोन पोशाख त्यांच्यासमोर धरतो आणि वाट बघतो. कधी पाच मिनिटं लागतात.

‘नाही’ सापडल्यावर खरी कसोटी लागली. त्या अंघोळीला ‘नाही’ म्हणायला लागल्या. म्हणजे आधीही म्हणतच होत्या, आता आम्हाला कळायला लागलं. जबरदस्ती करायची नाही हे ठरलेलं, पण स्वच्छता नाही झाली तर कातडीला जखमा होतात, हेही खरं. अर्ध्या तासाने पुन्हा विचारून पाहिलं. दुसरी बाई पाठवली. ओल्या फडक्याने अंग पुसून दिलं. नऊ-दहा दिवस असंच चाललं. शेवटी लक्षात आलं, वरून पडणाऱ्या शॉवरच्या पाण्याचा आवाज सुरू झाला की बोटं आवळली जातात. भांड्याने पाणी घातलं तर खांदे सैल. सबंध ‘असहकार’ एका नळाचा होता. त्या आधीच्या ठिकाणी १८ वर्षं राहिल्या होत्या. तिथे किती अंघोळी झाल्या असतील, त्याचा विचार मी करत नाही.

त्यानंतर आम्ही नोंदवहीतली भाषा बदलली. ‘हट्ट केला’, ‘त्रास दिला’, ‘सहकार्य नाही’ हे शब्द बंद. डोळ्यांना जे दिसलं तेच लिहायचं. ‘७.१० ला अंघोळीसाठी विचारलं, चेहरा फिरवला. ७.४५ ला पुन्हा विचारलं, खांदे सैल.’ असं लिहिलं की दुसऱ्या दिवशी वाचणाऱ्याला काहीतरी हाती लागतं.

आजारपणातही हेच होतं. एक तरुण गृहस्थ अचानक स्वतःच्या गालावर बुक्के मारायला लागले. मी वहीत ‘आक्रमक’ लिहिलं. औषध वाढलं, ते दिवसभर पेंगू लागले, तरी हात गालाकडे जातच राहिला. तीन महिन्यांनी दाताच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा दाढेखाली पू झालेला होता. दाढ काढली, बुक्के थांबले. ज्यांना ‘दुखतंय’ म्हणता येत नाही त्यांचं दुखणं वागण्यातून बाहेर पडतं, आणि आपण त्या वागण्यालाच आजार समजतो. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ मध्ये अंदाज मांडला होता की तिथे बौद्धिक अक्षमता असलेल्या ३० ते ३५ हजार प्रौढांना, त्या औषधाला साजेसं मानसिक आजाराचं निदान नसताना, मनावर परिणाम करणाऱ्या गोळ्या रोज दिल्या जातात. त्या कमी करण्यासाठी तिथे पुढच्याच वर्षी मोहीम सुरू झाली. (हे वाचून कोणी घरच्या माणसाच्या गोळ्या एकदम बंद करू नयेत, त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी कराव्या लागतात.) काही दुखणी या लोकांत नेहमीची असतात आणि नेहमी नजरेतून सुटतात. बद्धकोष्ठता इतकी वाढते की जिवावर बेतते. डाउन सिंड्रोम असलेल्यांना थायरॉइडचा त्रास आणि चाळिशी-पन्नाशीतच स्मृतिभ्रंश होऊ शकतो. ‘हल्ली आळशी झालाय’ असं कोणी म्हटलं की मी आधी रक्त तपासायला सांगते.

आता मघाच्या ५३ वर्षांच्या गृहस्थांची एक गोष्ट. त्यांचे वडील दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटायला यायचे. हे आदल्या रात्रीच खिशात कंगवा ठेवायचे आणि सकाळी फाटकाशी खुर्ची नेऊन बसायचे. वडील गेले. नातेवाइकांनी आम्हाला सांगितलं, ‘त्याला कळवू नका, त्याला झेपणार नाही.’ आम्ही ऐकलं. पाच रविवार ते फाटकाशी बसले. आम्ही म्हणत राहिलो, ‘बाबा कामात आहेत.’ त्यांतला एक रविवार माझा होता, ते वाक्य मी म्हटलं आहे. शेवटी प्रमुख बाईंनी नातेवाइकांशी बोलून त्यांना सांगायचं ठरवलं. वडिलांचा फोटो हातात देऊन, साध्या शब्दांत सांगितलं, ‘तुमचे बाबा मेले. आता ते येणार नाहीत.’ ‘देवाघरी गेले’, ‘झोपले’ असं काही म्हटलं नाही, कारण देवाघरून आणि झोपेतून माणसं परत येतात असं त्यांना वाटलं असतं. त्यांनी विचारलं, ‘मेले?’ दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी रडले. पुढच्या पहिल्या रविवारी त्यांनी खुर्ची फाटकाशी नेली नाही. मग एकदा रात्री औषध घेताना मला म्हणाले, ‘तेव्हा का नाही सांगितलं?’ मी खरं तेच सांगितलं, की आम्ही घाबरलो होतो.

धोक्याविषयी. रॉबर्ट पर्स्के नावाच्या अमेरिकन लेखकांनी १९७२ मध्ये ‘धोका पत्करण्यातली प्रतिष्ठा’ ही कल्पना मांडली. सगळ्या धोक्यांपासून माणसाला वाचवलं की त्याचं जगणंही काढून घेतलं जातं, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडच्या ३८ वर्षांच्या एकांना रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत एकट्याने जायचं होतं. चार महिने सराव केला. आधी बरोबर चाललो, मग दहा पावलं मागून, मग फाटकातून नुसतं पाहत राहिलो. सहा आठवडे सुरळीत गेले आणि एक दिवस ते चुकीच्या वळणाला वळले. एक तास दहा मिनिटांनी सापडले. त्या सत्तर मिनिटांत मी जे भोगलं ते विसरणार नाही. त्यांचा भाऊ फोनवर ओरडला आणि त्याचं चूक नव्हतं. दोन दिवसांनी सगळे बसलो. ते स्वतःही बैठकीत होते, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी सांगितलं, ‘मी परत जाणार.’ आता खिशात फोन नंबरचं कार्ड असतं आणि चुकीच्या वळणावरच्या खांबाचा फोटो काढून त्यावर लाल काट मारून दिली आहे. चार वर्षं जात आहेत.

पण ‘त्यांची निवड’ म्हणून हात झटकणं हाही निष्काळजीपणाच. आमच्याकडे एकांना गिळायला त्रास आहे, आणि त्यांना इतरांच्या ताटातलंच हवं असतं. घास श्वासनलिकेत गेला तर माणूस काही मिनिटांत जातो. छातीत जंतुसंसर्ग होऊन हळूहळूही जातो. तिथे आम्ही ‘नाही’ म्हणतो. गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे तेच जेवण मऊ करून, तशाच ताटात, सगळ्यांबरोबर देतो. त्यांचं समाधान होत नाही. रोज जेवताना त्यांची नजर शेजारच्या ताटावर असते आणि मी रोज ती पाहते.

दारं बंद ठेवली की काय होतं, हे जगाने पाहिलं आहे. न्यूयॉर्कची विलोब्रुक ही सरकारी संस्था ४,००० जणांसाठी बांधलेली होती, १९६५ च्या सुमारास तिथे ६,००० माणसं कोंबलेली होती. १९७२ मध्ये टीव्हीच्या कॅमेऱ्याने आतलं दाखवलं. बंद व्हायला १९८७ उजाडलं. हे जुनं झालं म्हणावं, तर २०११ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात छुप्या कॅमेऱ्याने मारहाण टिपली. जागा फक्त २४, दर माणशी दर आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड मोजले जात होते. अकरा जण दोषी ठरले, त्यांतल्या सहा जणांना तुरुंगवास झाला. तिथल्याच एका परिचारकाने आधी तक्रार केली होती, ती कोणी मनावर घेतली नव्हती. पैसा आणि लहान आकार यांनी आपोआप माणुसकी येत नाही, हे मी या उदाहरणावरून नव्या मुलींना सांगते. थोर माणसाच्या नावाचाही भरवसा धरता येत नाही. जाँ व्हानिए यांनी १९६४ मध्ये फ्रान्समधल्या एका खेड्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या दोन माणसांबरोबर एका घरात राहायला सुरुवात केली, त्यातून ‘लार्श’ ही घरं अनेक देशांत उभी राहिली, आणि त्या घरांनी एकत्र राहण्याविषयी खूप काही शिकवलं. त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, लार्शनेच करवून घेतलेल्या चौकशीत त्यांनी अनेक वर्षं स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं उघड झालं. (त्या स्त्रियांना अक्षमता नव्हती.) संस्थेने ते स्वतः जगापुढे मांडलं, याचा मी आदर करते.

म्हणून आपल्या लेखात संस्थाचालकांच्या त्यागावर जेवढ्या ओळी आहेत, तेवढ्याच ओळी मला या प्रश्नांवर हव्या होत्या. बाहेरचं कोण, किती वेळा, न कळवता आत येतं? राहणाऱ्यांना आपली तक्रार कोणाकडे नेता येते? दोघांची एकमेकांशी मैत्री जुळली तर त्यांना एकत्र बसू देतात की वेगळं करतात? कर्मचाऱ्यांना आठवड्याची सुटी मिळते का? थकलेली बाई आवाज चढवते, आणि सुटी न देणाऱ्याला ते ऐकू येत नाही.

आईवडिलांना मी यात दोष देत नाही. ‘आमच्यानंतर याचं काय?’ हा प्रश्न घेऊन सत्तरीची माणसं आमच्या दारात उभी राहतात, तेव्हा त्यांना भिंत, छप्पर आणि मायाळू चेहरा एवढंच दिसतं. दुसरं काही बघायचं त्राण उरलेलं नसतं. माझी त्यांना विनंती आहे की जागा बघायला संध्याकाळी सातला जा. सकाळी अकराला सगळीकडे हस्तकला चालू असते. सातला अंथरुणं घातलेली आहेत का, ते पाहा. खोलीत त्या माणसाची स्वतःची एखादी वस्तू आहे का, की कपड्यांचाही एकच ढीग आहे, ते पाहा. तुमच्याशी बोलताना तिथली माणसं तुमच्या मुलाकडे बघतात का, ते पाहा. आणि शक्य असेल तर तुम्ही असतानाच, हळूहळू, आधी एक रात्र, मग दोन, अशी सवय होऊ द्या. एकाच दिवशी आई आणि घर दोन्ही जाणं कोणालाच झेपत नाही.

आपल्या वार्ताहरांना एक सुचवते. पुढच्या वेळी तिथे राहणाऱ्यांपैकी कोणालातरी बाजूला बसवून विचारा की तुम्हाला इथे राहायचं आहे का. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात अशाच लोकांनी स्वतःची संघटना काढली आणि तिचं नाव ‘आधी माणसं’ अशा अर्थाचं ठेवलं. त्यांना बोलायचं असतं. फोटो काढण्याआधीही विचारा, आणि ‘नाही’ कसं दिसतं ते तिथल्या बाईंकडून आधी समजून घ्या.

हे पत्र लिहीत होते तेव्हा ५३ वर्षांचे गृहस्थ शेजारी बसले होते. काय लिहितेस म्हणून विचारलं. मी सांगितलं, पेपरवाल्यांना पत्र लिहितेय, तुमच्याबद्दलही आहे, नाव नाही घातलेलं. काही लिहू का तुमच्याकडून, असं विचारलं. त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, ‘माझी किल्ली माझ्याकडे असते, ते लिही.’ ते आधीच लिहिलं आहे, असं सांगितलं, तर म्हणाले, ‘वाचून दाखव.’ वाचून दाखवलं. खिशात हात घालून त्यांनी किल्ली आहे ना ते पाहिलं आणि झोपायला गेले. सव्वादहा वाजले होते.

आपली,
एक काळजीवाहक